केरी स्ट्रगचा डावा घोटा: अटलांटा १९९६, एका दुखापतीचं पूर्ण प्रकरण

मागच्या महिन्यात क्लिनिकमध्ये एक आई तिच्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली, जिम्नॅस्टिक्सची प्रॅक्टिस करताना पाय मुरगळलेला, घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज. मी हात धुवून येईपर्यंत आई मुलीला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवत होती, मागे ढोल वाजत होते आणि आई म्हणत होती, "बघ, ही मुलगी मोडलेल्या पायाने धावली आणि देशाला गोल्ड मिळवून दिलं, तू एवढ्याशा सुजेने रडतेस?" मी लांबूनच ओळखलं की ही केरी स्ट्रग. त्या आईचा मला राग आला नाही, खरंच नाही, कारण तो व्हिडिओ गेली कित्येक वर्षं असाच दाखवला जातोय आणि मीसुद्धा कॉलेजात असताना तो असाच बघितला होता, अंगावर काटा आला होता. पण सोळा वर्षं फिजिओथेरपी केल्यावर आता तोच व्हिडिओ बघताना माझं लक्ष फक्त तिच्या डाव्या पायाकडे जातं. म्हणून ठरवलं की हे प्रकरण एकदा नीट, पहिल्यापासून लिहायचं. जिच्या घरात अशी मुलगी आहे तिने तरी वाचावं.

तर झालं काय होतं.

तारीख २३ जुलै १९९६, अटलांटाचं जॉर्जिया डोम, महिला जिम्नॅस्टिक्सची टीम स्पर्धा. तेव्हाची पद्धत वेगळी होती, दोन दिवस स्पर्धा चालायची, आधी सगळ्यांना ठरवून दिलेले सारखेच व्यायामप्रकार आणि मग आपापले, दोन्हीचे मार्क एकत्र व्हायचे. सात जणींच्या टीममधल्या सहा जणी एका साधनावर खेळायच्या आणि त्यातल्या चांगल्या पाच जणींचे मार्क धरले जायचे, सगळ्यात कमी असेल तो सोडून द्यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अमेरिकेच्या महिला टीमला तोपर्यंत ऑलिम्पिकमध्ये टीम गोल्ड कधीच मिळालेलं नव्हतं आणि शेवटच्या फेरीला सुरुवात झाली तेव्हा त्या रशियाच्या ०.८९७ पुढे होत्या. अमेरिकेचं व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन उंच साधनावरून मारायची उडी, बाकी होतं, रशियाचं फ्लोअर, म्हणजे जमिनीवरचे प्रकार.

व्हॉल्टवर पहिल्या चौघी ठीक गेल्या, मोठ्या चुका नाहीत. पाचवी डॉमिनिक मोचियानू, वय १४, तिला दोन संधी होत्या आणि ती दोन्ही वेळा खाली बसली. तिचे चांगल्यातले चांगले मार्क ९.२००. आता उरली फक्त केरी स्ट्रग, वय १८, ॲरिझोनातल्या टूसॉनची, उंची जेमतेम चार फूट नऊ इंच. तिची पहिली उडी कमी फिरली, ती मागे बसली आणि घोट्यात काहीतरी कट्कन झालेलं तिला ऐकू आलं, हे तिने नंतर स्वतः सांगितलंय. मार्क ९.१६२. ती उठली आणि लंगडत धावपट्टीच्या टोकाकडे निघाली, पाय झटकत, बोटं हलवून बघत. तिने कोचकडे बघून विचारलं की हे करायची गरज आहे का. तिचा कोच बेला कारोली, रुमानियातून आलेला, तिथल्या गाजलेल्या जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीला घडवलेला माणूस, ओरडून म्हणाला की तू करू शकतेस, अजून एकदा लागेल.

ती धावली, उडी मारली, दोन पायांवर उतरली आणि पुढच्याच क्षणी डावा पाय वर उचलला. मग एका पायावर उड्या मारत इकडे वळून आणि तिकडे वळून पंचांना सलाम केला आणि गुडघ्यांवर कोसळली. मार्क ९.७१२. कारोलीने तिला उचलून पदक घ्यायला नेलं, पायाला पांढरं बँडेज गुंडाळलेलं, तो फोटो सगळ्या जगात गेला. तपासणीत निघालं ग्रेड थ्री, म्हणजे घोट्याच्या बाहेरच्या बाजूची लिगामेंट्स फाटलेली, शिवाय टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीलाही इजा.

बाहेर सांगितली जाते ती गोष्ट इथे संपते. पण प्रकरण इथून पुढे सुरू होतं.

आधी घोट्याचं बघू. आपल्याकडे पाय मुरगळला म्हणजे काही विशेष नाही, हळद-मीठ गरम करून लेप लावा, जमलं तर चोळा, दोन दिवसात बरा होतो, असंच मी लहानपणापासून ऐकत आले. प्रत्यक्षात मुरगळणं म्हणजे पाय आत वळतो आणि बाहेरच्या बाजूला जे पट्टे दोन हाडांना बांधून ठेवतात ते ताणले जातात. नुसतं ताणलं तर ग्रेड वन, अर्धवट फाटलं तर टू, पूर्ण फाटलं तर थ्री. आणि ताज्या दुखापतीवर जोरात मालिश केली तर आत रक्तस्राव वाढतो, सूज वाढते, हे मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगते. या पट्ट्यांचं दुसरंही एक काम आहे, जे घरच्यांना माहीत नसतं. पाय हवेत असताना किंवा जमिनीला टेकताना तो नक्की कुठल्या कोनात आहे याची खबर मेंदूला याच भागातून जाते. पट्टा फाटला की ती खबर उशिरा जाते, चुकीची जाते. दुखणं थांबलं तरी खबर नीट येत नसते. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो आणि मुलगी म्हणते, "मॅडम, काही कारण नव्हतं हो, असाच वळला".

आता हा असा पाय घेऊन केरीने काय केलं ते बघा. तिची उडी युर्चेन्को प्रकारची होती. म्हणजे ती नुसती धावत येऊन उडी मारत नव्हती, पंचवीस मीटरच्या धावपट्टीवरून जोरात धावायचं, शेवटी राउंडऑफ, म्हणजे हातांवरून आडवी कोलांटी मारून दोन्ही पायांनी उलटं स्प्रिंगबोर्डवर आदळायचं, मग हात मागच्या मागे व्हॉल्टवर टेकवून हवेत पलटी आणि दीड फेरी. म्हणजे त्या फाटलेल्या घोट्यावर तीन वेळा मार बसला, धावताना, बोर्डवर आदळताना आणि उतरताना. त्यात दीड फेरीच्या उडीत उतरताना तोंड पुढे असतं, जमीन आधी नजरेला नीट पडतच नाही, सगळा भरवसा शरीराच्या आतल्या अंदाजावर. आणि तो अंदाज देणारा घोटाच मिनिटभरापूर्वी फाटलेला. लोक म्हणतात, बघा घोटा फाटलेला असून उतरली. मी म्हणते ती मानेवर उतरली नाही हे नशीब. हे मी घाबरवायला लिहीत नाहीये, १९८० च्या जुलैमध्ये मॉस्को ऑलिम्पिकच्या तोंडावर सोव्हिएत युनियनची येलेना मुखिना, १९७८ ची वर्ल्ड चॅम्पियन, पाय मोडून पुरता बरा व्हायच्या आत पुन्हा कठीण उड्यांना लावली गेली, सरावात हनुवटीवर पडली, मान मोडली, आणि २००६ मध्ये जाईपर्यंत ती अंथरुणावर होती. मान मोडली तेव्हा वय होतं २०.

"पण ती चालत होती ना?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. चालत होती, हो. डॉक्टर लोकांकडे ऑटावा रूल म्हणून एक साधी कसोटी आहे, १९९२ ची, म्हणजे अटलांटाच्या चार वर्षं आधीची. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखतंय का बघायचं आणि मुलगी चार पावलं टाकू शकते का बघायचं, दाबून दुखलं किंवा पावलं टाकता आली नाहीत तर एक्स-रे काढायचा. एवढंच. पण ही कसोटी हाड मोडलंय का या शंकेसाठी आहे. लिगामेंट फाटलंय का हे त्यातून कळत नाही आणि खेळायला परत पाठवायचं की नाही हे तर त्यातून अजिबातच कळत नाही. आपल्याकडे मैदानावर मात्र चार पावलं टाकली की सर म्हणतात झालं, बरी आहे, लाव पुढच्या राउंडला. घोटा पूर्ण फाटलेली मुलगीही कित्येकदा चालते, कारण अंग गरम असतं, भीती असते, सगळे बघत असतात. दुखणं दोन तासांनी रिक्षात बसल्यावर सुरू होतं.

आता मार्कांचा हिशोब. हा मी स्वतः वहीत मांडून बघितला. अमेरिकेचे अंतिम मार्क ३८९.२२५, रशियाचे ३८८.४०४, रुमानियाचे ३८८.२४६. समजा केरी दुसऱ्या उडीला गेलीच नसती. तिचे पहिल्या उडीचे ९.१६२ आणि मोचियानूचे ९.२००, यातले कमी ते सोडायचे, म्हणजे केरीचे सुटले असते आणि मोचियानूचे धरले असते. ३८९.२२५ मधून ९.७१२ वजा करा, ९.२०० मिळवा, येतात ३८८.७१३. रशियाच्या तरीही ०.३०९ पुढे.

गोल्ड मिळालंच असतं. ती उडी लागत नव्हती.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाहीतर त्या लोकांवर अन्याय होईल. त्या क्षणी हे कोणालाच पक्कं माहीत नव्हतं. रशियाच्या काही मुली अजून फ्लोअरवर यायच्या होत्या, त्यांच्यातल्या कोणी कमाल केली असती तर गणित बदललं असतं, मोचियानू लागोपाठ दोनदा बसल्यामुळे सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला होता. म्हणून कारोलीने खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. केरीने विचारलं, गरज आहे का. हा प्रश्न तिने मार्कांबद्दल विचारला आणि मार्कांच्या माणसाला विचारला. घोट्याबद्दल तिला कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही कोणाला विचारलं नाही, कारण तेवढ्या वेळात तिच्याजवळ जाऊन नुसता हाताने घोटा दाबून "थांब, नाही" म्हणायचा अधिकार असलेला एकही माणूस तिथे नव्हता. तीस हजारांच्या वर लोक, टीव्हीवर अख्खा देश, आणि एक माणूस नाही. पहिल्या आणि दुसऱ्या उडीत एवढा थोडा वेळ होता की निर्णय म्हणावा असा निर्णय झालाच नाही, जे आधीपासून ठरलेलं होतं तेच झालं.

आणि तिच्याबाजूने बघितलं तर ती नाही म्हणणार तरी कशी. १९९२ ला बार्सिलोनामध्ये ती १४ वर्षांची, अमेरिकेच्या चमूतली सगळ्यात लहान, आणि वैयक्तिक ऑल-अराउंडची, म्हणजे चारही साधनांवरच्या एकत्रित मार्कांची फायनल तिची अगदी थोडक्यात गेली कारण एका देशाच्या तिघीच जाऊ शकत होत्या आणि ही चौथी. मग पोटाचा स्नायू फाटला, १९९४ मध्ये अनइव्हन बारवरून पडून पाठीला जबर मार बसला. चार वर्षं तिने त्या एका फायनलसाठी काढली. अटलांटात ती फायनलला पात्र ठरली होती. टीम स्पर्धेनंतर दोनच दिवसांनी, २५ जुलैला, ती फायनल होती. ती खेळू शकली नाही, तिच्या जागी मोचियानू खेळली. व्हॉल्टच्या आणि फ्लोअरच्या वैयक्तिक फायनलही गेल्या. त्यानंतर तिने मोठी स्पर्धा खेळली नाही. तिने स्वतः त्या उडीचा पस्तावा आहे असं कधी म्हटलेलं नाही, आणि तिला तसं म्हणायला लावायचा मला काही अधिकार नाही, ती तिची उडी आहे. मी फक्त एवढंच मांडतेय की जिच्यासाठी चार वर्षं काढली ती फायनल ९.७१२ आणि ९.२०० यांच्यातल्या ०.५१२ मार्कांत गेली, आणि ते ०.५१२ टीमला लागलेही नाहीत.

सगळं जग केरीकडे बघत होतं तेव्हा मोचियानूकडे कोणी बघत नव्हतं. मला विचाराल तर डॉक्टरी नजरेने त्या हॉलमधली जास्त काळजीची मुलगी तीच होती. १४ वर्षांची, नडगीच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर असलेली, पायाला पट्टी बांधून खेळत होती. त्याच दुखापतीमुळे ती ऑलिम्पिकच्या निवड चाचणीत उतरलीच नव्हती, टीममधलीच शॅनन मिलर मनगटाच्या दुखापतीमुळे उतरली नव्हती, दोघींना आधीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या मार्कांवर टीममध्ये घेतलं. सात जणींच्या टीममध्ये दोघी दुखापत घेऊनच आलेल्या, हे त्यावेळी कौतुकाने सांगितलं जायचं. पुढे बॅलन्स बीमच्या फायनलमध्ये मोचियानू घसरली आणि तिचं डोकं बीमवर आपटलं, आणि तिने २०२१ मध्ये जाहीरपणे लिहिलं की पडल्यावर तिची मान कोणी तपासली नाही आणि थोड्याच मिनिटांत ती फ्लोअरची फायनल खेळली. चौदा वर्षांची मुलगी डोक्यावर आपटते आणि कोणी तिला पडून राहा, मान हलवू नकोस असंही म्हणत नाही! हे वाचलं त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

स्ट्रेस फ्रॅक्चरबद्दल जरा थांबून बोलते, कारण आपल्याकडच्या क्लासमध्ये हे फार बघते मी. हे हाड एका फटक्यात मोडत नाही, रोज थोडं थोडं थकतं. हाडाला रोज बारीक इजा होते आणि रात्री झोपेत ते दुरुस्त होतं, हा व्यवहार चालू असतो. मुलगी दिवसाला शंभर वेळा आपटतेय आणि दुरुस्तीला माल नाहीये, म्हणजे खाणं कमी, झोप कमी, पाळी सुरू नाही झालेली किंवा सुरू होऊन थांबलेली, तर इजा पुढे जाते आणि दुरुस्ती मागे राहते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच याला फीमेल ॲथलीट ट्रायड असं नाव दिलं गेलं होतं आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीने ते मोठं करून रेड-एस म्हटलं. साध्या भाषेत, शरीर जेवढं खर्च करतंय तेवढं त्याला मिळत नाहीये. आणि जिम्नॅस्टिक्समध्ये मुलगी जितकी बारीक तितकी उडी सोपी हा समज इतका घट्ट बसलाय की आई डब्यात पोळी कमी देते आणि सर खूश होतात. मी प्रत्येक मुलीच्या आईला पाळीबद्दल विचारते, बाबा शेजारी बसलेले असले की आई लाजते, तरी विचारते. पंधरा वर्षं पूर्ण होऊन पाळी नाही किंवा सुरू होऊन तीन महिने चुकली तर गायनॅककडे पाठवते. "खेळते ना, म्हणून असं होतंच" हे उत्तर मला चालत नाही.

मनगट आणि कंबर यांचं थोडक्यात सांगते. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाशी जी वाढीची पट्टी असते ती मऊ असते, आणि जिम्नॅस्ट हातांवर उभी राहते म्हणून मनगटाच्या पट्टीवर पायासारखा भार येतो. मागे वाकणाऱ्या मुलीची कंबर एका बाजूला खालच्या मणक्यापाशी दुखत असेल तर ती उसण समजून बाम लावत बसू नका, दाखवा.

आता या प्रकरणाचा सगळ्यात काळा भाग. लिहिताना हात जड होतोय पण टाळून चालणार नाही.

कोणी म्हणेल की डॉक्टर ठेवा म्हणजे झालं. डॉक्टर होता. केरीच्या पायाशी जी माणसं त्या दिवसाच्या फोटोंमध्ये दिसतात त्यात लॅरी नासर आहे. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेचा राष्ट्रीय वैद्यकीय प्रमुख झाला आणि पुढची जवळपास वीस वर्षं राहिला. उपचाराच्या नावाखाली तो मुलींचं लैंगिक शोषण करत होता. केरीच्या बाबतीत मी काहीही म्हणत नाहीये, हे स्पष्ट लिहिते. पण मिशिगनमध्ये १९९७ सालीच एका मुलीने कोचला सांगितलं होतं हे पुढे समोर आलं, संघटनेला जून २०१५ मध्ये कळलं, आणि लोकांना कळलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये, जेव्हा रेचल डेनहॉलंडरने इंडियानापोलिसच्या पेपरला नावानिशी सांगितलं. जानेवारी २०१८ मध्ये मिशिगनच्या कोर्टात १५६ जणींनी उभं राहून किंवा लिहून आपलं म्हणणं मांडलं आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली.

हे इतकी वर्षं चाललं कसं, याचं उत्तर मला त्या तीस हजार लोकांसमोरच्या उडीतच दिसतं. टेक्सासच्या जंगलात कारोलींचा रँच होता, पुढे तिथे राष्ट्रीय शिबिरं व्हायची, आईवडिलांना आत प्रवेश नव्हता. मुलींना दुखलं तर कोचला सांगायची भीती, कारण टीममधून नाव जाईल. खायला मोजून. अशा ठिकाणी हा माणूस गोड बोलायचा, गुपचूप खाऊ द्यायचा, दुखतंय म्हटलं तर ऐकून घ्यायचा. ज्या मुलीला सवय लावलीय की तुझं शरीर काय सांगतंय ते महत्त्वाचं नाही, मोठी माणसं काय सांगतात ते महत्त्वाचं, ती मुलगी बंद खोलीत टेबलावर झोपून "हे बरोबर वाटत नाहीये" असं कोणाला आणि कशी सांगणार. घोटा दुखतोय हे न सांगण्याची आणि हे न सांगण्याची सवय एकच आहे. म्हणून मी दोन्ही गोष्टी एकाच प्रकरणात लिहितेय.

माझ्या क्लिनिकचा नियम आहे, अठराच्या आतली मुलगी असेल तर पडद्याच्या आत तिची आई किंवा तिला हवी ती घरातली बाई असणारच, मला घाई असली तरी. हात लावायच्या आधी कुठे लावणार, का लावणार हे मुलीला सांगायचं, आईला नव्हे, मुलीला, आणि ती नको म्हणाली तर थांबायचं. कुठल्याही डॉक्टरला, फिजिओला, मसाजवाल्याला याचा राग येत असेल तर तिथून उठून या. आणि काही कळलं तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, क्लासचं नाव खराब होईल वगैरे बघत बसायचं नाही.

यातून बदललं काय? १९९७ पासून मोठ्या स्पर्धांना किमान वय १६ झालं, म्हणजे १४ वर्षांची मोचियानू आज खेळूच शकली नसती. टीम फायनलमध्ये आता व्हॉल्टची एकच उडी असते, त्यामुळे जखमी होऊन पुन्हा धावायचा तो प्रसंगच येत नाही. रँच २०१८ मध्ये बंद झाला. आणि २७ जुलै २०२१ ला, म्हणजे पंचवीस वर्षं आणि चार दिवसांनी, टोकियो ऑलिम्पिकच्या टीम फायनलमध्ये अमेरिकेची सिमोन बाइल्स व्हॉल्टला आली, अडीच फेऱ्या घ्यायच्या होत्या, हवेत अंदाज सुटला आणि दीडच झाल्या. दीडच, केरीची उडी होती तेवढ्याच. कशीबशी पायांवर उतरली, १३.७६६. ती टीमच्या डॉक्टर मार्सिया फॉस्टिन यांच्याबरोबर बाहेर गेली, परत आली, सांगितलं की मी पुढे खेळत नाही, आणि बाकीच्या मुलींना चिअर करत उभी राहिली. टीमला सिल्व्हर मिळालं, गोल्ड रशियाच्या मुलींना. तिच्यावर किती घाण टीका झाली ते आठवत असेल, मराठीतसुद्धा लोकांनी लिहिलं की पळाली. आठवड्याभराने ती बीमवर उतरून ब्राँझ घेऊन गेली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा टीम गोल्ड आणि ऑल-अराउंड गोल्ड, वय २७. पण समजा तिला पुढे एकही पदक मिळालं नसतं तरी त्या दिवशीचा निर्णय बरोबरच होता, कारण हवेत आपण कुठे आहोत हे कळत नसलेल्या माणसाला उडी मारायला लावायची नसते, मग ती कोणीही असो.

तर ती बारा वर्षांची मुलगी.

मी आईच्या हातून मोबाईल घेतला, व्हिडिओ परत लावला, ढोल बंद केले, आणि केरी उतरते तिथे थांबवला. मुलीला विचारलं, "कुठला पाय वर आहे?" ती म्हणाली, "डावा." म्हटलं, "किती वेळाने उचलला?" तिने मागे-पुढे करून तीनदा बघितलं आणि म्हणाली, "लगेचच, मॅडम. टेकला आणि लगेच." आई काही बोलली नाही, पण ती वाकून स्क्रीन बघत होती.

घोटा ग्रेड टू निघाला. एक्स-रे साफ. जिल्हा स्पर्धा पाच आठवड्यांवर होती, आईचा प्रश्न एकच, जमेल ना. मी म्हटलं, तारखेवरून मी सांगणार नाही, पायावरून सांगेन. एका पायावर टाच उचलणं दोन्ही बाजूंनी सारखं झालं पाहिजे, डोळे मिटून तीस सेकंद एका पायावर उभं राहता आलं पाहिजे, भिंतीला गुडघा टेकवून घोटा दोन्हीकडे सारखा वाकला पाहिजे, मग छोट्या उड्या, मग बॉक्सवरून उतरणं, मग मॅट. आणि सरांना पुढच्या वेळी घेऊन या.

सर आले. मला जरा धाकधूक होती, कारण मागे काहींनी मला तोंडावर सांगितलंय की तुमच्यासारखे लोक मुलींना नाजूक करतात. हे सर तरुण होते, कोपऱ्यात स्टुलावर बसले. चौथा आठवडा होता, स्पर्धा नऊ दिवसांवर. मुलीने भिंतीला बोटं लावून आधी चांगल्या पायावर टाच उचलायला सुरुवात केली आणि सरांनी आपणहून मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, क्लासमध्ये मोजतात तसं. सव्वीसला ती थांबली. मग दुखऱ्या पायावर. नऊपर्यंत ठीक, बारानंतर टाच अर्धीच वर यायला लागली, चौदाला पोटरी थरथरायला लागली आणि सर मोजता मोजता मध्येच गप्प झाले. मुलगी अजून उचलायचा प्रयत्न करत होती, ओठ चावून. सर स्टुलावरून उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बास बेटा, टेकव." मग माझ्याकडे न बघता खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून आयोजकांना मेसेज टाकला, आमची एक एंट्री कमी करा.